एका मनगटाची किंमत: रस्ते अपघाताच्या भरपाईची गोष्ट

हेडफोन लावलेत? गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, कारण आजचा विषयच तसा आहे.

बाइकचा इन्शुरन्स ऑनलाइन रिन्यू करताना ‘थर्ड पार्टी’ नावाचा एक ऑप्शन दिसतो. सगळ्यात स्वस्त असतो म्हणून आपण त्यावर टिक करतो आणि पीडीएफ फोनमध्ये ठेवून देतो, ट्रॅफिक पोलिसांनी अडवलं तर दाखवायला. पण ही थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण? पहिली पार्टी म्हणजे गाडीमालक. दुसरी म्हणजे इन्शुरन्स कंपनी. आणि तिसरी म्हणजे त्या गाडीची धडक ज्याला बसू शकते असा रस्त्यावरचा कुणीही माणूस. त्याने तो करार वाचलेला नसतो, त्यावर त्याची सही नसते, तरी तो करार त्याच्यासाठीच केलेला असतो. माझ्या बाइकच्या पॉलिसीत थर्ड पार्टी तुम्ही आहात, आणि तुमच्या पॉलिसीत मी.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यात १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. बातमी साधारण मृतांच्या आकड्यावर संपते. जखमींचं पुढे काय होतं, हॉस्पिटलचं बिल कोण भरतं, हात किंवा पाय कायमचा अधू झाला तर घर कसं चालतं, हे बातमीत येत नाही. ते कोर्टात येतं. त्या कोर्टापर्यंतचा रस्ता कसा तयार झाला, हा आजचा एपिसोड.

मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. पण घरातल्या एका केसमुळे गेली दोन वर्षं हे कायदे आणि निकाल वाचतोय. वाचता वाचता लक्षात आलं की या सगळ्या इतिहासात फिरून फिरून तीनच प्रश्न येतात. भरणार कोण? चूक कोणाची? आणि किती? पण त्याही आधी एक प्रश्न होता, तो म्हणजे मुळात दावा करता येतो का?

माणूस गेला की दावाही गेला

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, कारण आपला भरपाईचा कायदा तिथूनच आला. १८०८ साली एक खटला झाला. एक नवरा-बायको घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास करत होते. गाडी उलटली. नवऱ्याला मुका मार लागला, बायको गंभीर जखमी झाली आणि सुमारे महिन्याभराने हॉस्पिटलमध्ये गेली. नवऱ्याने गाडीच्या मालकांवर दावा लावला. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी सांगितलं की दिवाणी कोर्टात माणसाचा मृत्यू हे नुकसान म्हणून मांडताच येत नाही. म्हणजे नवऱ्याला स्वतःच्या माराची भरपाई मिळेल, बायको जखमी अवस्थेत होती त्या महिन्याचीही मिळेल, पण तिने प्राण सोडला त्या क्षणी मीटर बंद. ज्युरीने शंभर पौंड दिले आणि विषय संपला.

याचा अर्थ लक्षात घ्या. गाडीवाल्याला माणूस जखमी करणं महाग पडायचं आणि मारून टाकणं स्वस्त. घोडागाड्यांच्या काळात हे कसंबसं खपलं. मग रेल्वे आली आणि एका अपघातात एकदम दहा-दहा माणसं जायला लागली. २४ डिसेंबर १८४१ ला लंडनहून निघालेली गाडी सोनिंग इथे दरडीच्या मातीवर आदळली. मागे छप्पर नसलेल्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांमध्ये गवंडी, मजूर असे लोक होते. नऊ जण गेले. तेव्हा इंग्लंडमध्ये एक मध्ययुगीन प्रथा होती: ज्या वस्तूमुळे माणूस मेला त्या वस्तूवर दंड बसवायचा, मग ती बैल असो की बैलगाडी. ज्युरीने इथे इंजिन आणि डब्यांवर तब्बल १००० पौंडांचा दंड लावला. कायद्याने असा दंड राजाच्या खजिन्यात जायचा. मजुराच्या बायकोचा त्यावर हक्क नव्हता.

रेल्वे कंपन्या या दंडाने हैराण, आणि मृतांच्या कुटुंबांच्या हातात भोपळा. शेवटी १८४६ मध्ये पार्लमेंटने ही प्रथा बंद केली आणि त्याच वर्षी मृताच्या बायको-मुलांना दावा करायचा हक्क देणारा कायदा केला.

आता भारतात या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. १८५५ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांनी, त्याच इंग्लिश कायद्याच्या धर्तीवर आपल्याकडे प्राणघातक अपघात कायदा झाला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस गेला तर त्याची बायको किंवा नवरा, आई-वडील आणि मुलं यांच्यासाठी भरपाई मागता येईल, असं त्यात म्हटलं. हक्क कागदावर आला.

भरणार कोण?

पण कागदावरचा हक्क आणि हातातले पैसे यांत मोठं अंतर होतं. समजा १९३० च्या आसपास एका मालट्रकने एका हमालाला उडवलं. त्याच्या बायकोने दिवाणी दावा लावायचा. दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरायची. वर्षानुवर्षं तारखांना जायचं. आणि निकाल बाजूने लागलाच, तर पैसे वसूल कोणाकडून करायचे? ड्रायव्हरकडे अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही नाही. मालकाने ट्रक विकून टाकलेला. हातात डिक्री आहे आणि घरात चूल बंद, असा प्रकार.

यावर इंग्लंडने १९३० मध्ये उपाय काढला: थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा. आपल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही तसं प्रकरण घातलं गेलं, पण ते लगेच लागू केलं नाही. प्रत्यक्षात ते लागू झालं १ जुलै १९४६ ला. म्हणजे आपण ज्याच्यावर डोळे झाकून टिक करतो त्या ऑप्शनचं वय स्वातंत्र्यापेक्षा एक वर्ष जास्त आहे. त्यातली महत्त्वाची मेख अशी: मालकाविरुद्ध निकाल लागला की पैसे इन्शुरन्स कंपनीने द्यायचे. भरणारा निदान सापडला. पण कंपनीच्या जबाबदारीला कमाल मर्यादा होती. मालवाहू गाडीसाठी ती सुरुवातीला २०,००० रुपये होती. पुढे ५०,००० झाली, मग दीड लाख. मृत्यू आणि इजा यांच्यासाठीची ही मर्यादा उठली ती थेट १९८८ च्या नव्या कायद्यात.

दुसरी अडचण दिवाणी कोर्टाची. १९५६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची सोय झाली. कोर्टाच्या आवारात सगळे त्याला ‘एमएसीटी’ म्हणतात. साधा अर्ज, सुटसुटीत पद्धत, आणि अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळं टेबल. आपल्याकडे साधारणपणे जिल्हा न्यायाधीशच हे काम बघतात.

आणि गाडी सरकारी असेल तर? १९५२ सालची गोष्ट. उदयपूरच्या कलेक्टरसाठी ठेवलेली सरकारी जीप दुरुस्तीहून परत येत होती. ड्रायव्हरने फूटपाथवरून चालणाऱ्या एका माणसाला उडवलं. तीन दिवसांनी तो गेला. त्याच्या बायकोने आणि मुलीने दावा लावला. राजस्थान सरकारचं म्हणणं साधारण असं होतं की पूर्वी राजाच्या नोकराने चूक केली तर राजावर दावा चालत नसे, तसा आमच्यावरही चालणार नाही. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते झिडकारलं. प्रजासत्ताकात सरकार हा इतर कुठल्याही मालकासारखा मालक आहे, ड्रायव्हरने निष्काळजीपणे माणूस मारला तर सरकारने भरायचं. त्या कुटुंबाला १५,००० रुपये मिळाले. वकिली शिकणारे विद्यार्थी हा खटला ‘विद्यावती’ या नावाने ओळखतात.

तरी दारातच अडवणूक चालूच होती. हरियाणात सरकारी बसखाली एक माणूस गेला. त्याच्या बायको-मुलीने गरीब म्हणून कोर्ट फी माफ करून मागितली. दिवाणी कायद्यात गरिबांसाठी तशी सोय आहेच. पण हरियाणा सरकार या माफीविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढत गेलं. बस सरकारची, मेलेला माणूस घरातला एकटा कमावता, आणि सरकार भांडतंय फीसाठी! १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारची चांगलीच कानउघाडणी केली आणि सांगितलं की ही माफी अपघात न्यायाधिकरणातही लागू आहे.

चूक कोणाची?

आता दुसरा प्रश्न. भरणारा आहे, कोर्ट आहे, पण ड्रायव्हरची चूक होती हे सिद्ध कोणी करायचं? जखमी झालेल्याने. तो बेशुद्ध होता, हायवेवर अंधार होता, साक्षीदार आपापल्या गावी निघून गेले. नव्या जमान्यात डॅशकॅम असतो, सीसीटीव्ही असतो. १९७० मध्ये यातलं काय होतं?

काही हायकोर्टांना वाटलं की इन्शुरन्स सक्तीचा आहे, मग चूक शोधायची गरजच काय? मुंबई हायकोर्टातून वर गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये यावर ब्रेक लावला. निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालक जबाबदार नाही, आणि मालक जबाबदार नाही तर इन्शुरन्स कंपनीही नाही. कायदा बदलायचा असेल तर संसदेने बदलावा.

संसदेने तो बदलला, १९८२ मध्ये. चूक कोणाचीही असो, एक ठरावीक रक्कम द्यायचीच, असं नवं कलम आलं. मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५००. १९८८ च्या कायद्यात त्याचे २५,००० आणि १२,००० झाले, १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,०००. याहून जास्त हवं असेल तर पूर्वीसारखी चूक सिद्ध करा, पण निदान पहिला आधार तरी वाद न घालता मिळावा, असा विचार त्यामागे होता. आज हीच रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख आहे. ती स्वीकारली तर मात्र दावा तिथेच मिटतो.

धडक देऊन पळून गेलेल्या गाडीचं काय? तिथे मालकही माहीत नाही आणि कंपनीही नाही. त्यासाठी १९८२ मध्येच सरकारी निधीतून मृत्यूला ५,००० आणि गंभीर इजेला १,००० रुपये ठरले. १९९४ मध्ये ते २५,००० आणि १२,५०० झाले. आणि मग? मग काहीच नाही. पुढची वाढ झाली १ एप्रिल २०२२ ला: २ लाख आणि ५०,०००. माझा जन्म, शाळा, बीटेक, पहिली नोकरी एवढं सगळं होईपर्यंत तो आकडा २५,००० वरच होता. आपल्याकडे कायद्यात आकडा लिहिताना महागाई कुणी मोजत नाही, आणि एकदा लिहिला की बदलायला एक पिढी जाते.

१९९४ च्या दुरुस्तीत आणखी एक चांगली गोष्ट झाली, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. आधी दावा अपघात झाला त्या भागाच्या न्यायाधिकरणात लावावा लागायचा. आता तो जखमी माणूस राहतो तिथेही लावता येतो. कोल्हापूरकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून जखमी झालेल्या बीडच्या ऊसतोड मजुराला प्रत्येक तारखेला चारशे किलोमीटर जायचं म्हटलं तर त्याचा दावा तिथेच संपला. त्याला आपल्या जिल्ह्यात दावा लावता येतो, ही साधीसुधी सोय नाही.

किती?

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्यातला इंजिनियर इथे जागा होतो. हाताची किंमत काढायची कशी?

कोर्टांनी हळूहळू एक सूत्र बसवलं. माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं आणि वयानुसार एका आकड्याने गुणायचं. त्या आकड्याला गुणक म्हणू. तरुण माणसाची कमावती वर्षं जास्त उरलेली असतात म्हणून गुणक मोठा, वय वाढत जाईल तसा लहान. ही पद्धत इंग्लिश कोर्टातून आली आणि १९९४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने हीच योग्य पद्धत असं ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी संसदेनेही कायद्याला एक तयार तक्ता जोडला: वय शोधा, उत्पन्न शोधा, रक्कम वाचा.

आणि मंडळी, त्या तक्त्यात बग होता! चेष्टा नाही. १५ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी गुणक १५ आणि वर्षाचं उत्पन्न ३,००० धरलं तर गुणाकार होतो ४५,०००. तक्त्यात छापलं होतं ६०,०००. पुढच्या ओळीत १६ गुणिले ९,००० म्हणजे १,४४,००० यायला हवेत, तिथे होते १,७१,०००. देशाच्या कायद्यातली चूक, आणि कॅल्क्युलेटर घेऊन दहावीचा मुलगाही पकडेल अशी. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगितलं की हा तक्ता चुकांनी भरलेला आहे. तरी दुरुस्ती झाली नाही, आणि वेगवेगळी न्यायाधिकरणं वेगवेगळे गुणक वापरत राहिली. एकाच वयाच्या, एकाच पगाराच्या दोन माणसांना दोन जिल्ह्यांत दोन रकमा मिळायच्या.

शेवटी १५ एप्रिल २००९ ला न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या खंडपीठाने ‘सरला वर्मा’ निकालात सगळं एका ओळीत आणलं. वय १५ ते २५ असेल तर गुणक १८, २६ ते ३० ला १७, ३१ ते ३५ ला १६, आणि असं उतरत ६५ च्या वर ५. माणूस गेला असेल तर त्याचा स्वतःवर होणारा खर्च वजा करायचा. किती वजा करायचा हे त्याच्यावर किती जण अवलंबून होते त्यावरून ठरतं. २०१७ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यात भर घातली: माणूस जगला असता तर त्याचं उत्पन्न वाढलंच असतं, ती वाढही धरा. स्वतःचा धंदा असलेल्या किंवा ठरावीक पगारावरच्या, चाळिशीच्या आतल्या माणसासाठी ४० टक्के. ही वाढ गंभीर जखमींच्या दाव्यातही धरता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

जखमी माणसाच्या बाबतीत यात आणखी एक आकडा येतो, तो अपंगत्वाच्या टक्क्यांचा. आणि घरातली केस म्हणालो ती इथे येते. माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, वेल्डिंगचं काम करतो. वय ३४. महिन्याला साधारण १८,००० सुटायचे, सगळे रोख. टेम्पोने धडक दिली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. प्लेट बसवली, पण पकड परत आली नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाने सर्टिफिकेट दिलं: ३० टक्के कायमचं अपंगत्व.

लोकअदालतीत इन्शुरन्स कंपनीच्या वकिलांनी हिशोब मांडला. उत्पन्नाचा कागद नाही, म्हणून महिना ११,००० धरू. वाढ नाही. वर्षाचे १,३२,००० गुणिले १६, त्याचे ३० टक्के: ६,३३,६००. मी फोनवरच एक्सेल उघडलं. महिना १८,०००, त्यात ४० टक्के वाढ, म्हणजे २५,२००. वर्षाचे ३,०२,४०० गुणिले १६, त्याचे ३० टक्के: १४,५१,५२०. आता तिसरा हिशोब बघा. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या एका निकालात सांगितलंय की डॉक्टरांचा टक्का आणि कमाईतला टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात तोच, पण त्या माणसाचं काम काय होतं ते बघा. सुताराचा किंवा ड्रायव्हरचा हात गेला तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, क्लार्कची तेवढी जात नाही. दादाला आता वेल्डिंगची गन धरता येत नाही. म्हणजे त्याची कमाई ३० टक्क्यांनी घटली की ६० टक्क्यांनी? ६० धरले तर रक्कम होते २९,०३,०४०.

मनगट एकच. उत्तरं तीन: सव्वासहा लाखांच्या थोडं वर, साडेचौदा लाख आणि एकोणतीस लाख. वर उपचारांचा खर्च, वेदनांची भरपाई हे सगळं वेगळं. सूत्र ठरलं म्हणजे भांडण संपलं असं आपल्याला वाटतं, पण भांडण फक्त सूत्रातून इनपुटमध्ये सरकलंय.

त्या दिवशी लोकअदालतीच्या बाकावर वहिनी हळूच म्हणाली, “भाऊजी, एवढे तर आज मिळतील ना? फायनान्सवाला रोज फोन करतोय.” तिचं चूक नव्हतं. लोकअदालतीत सही केली की निकाल अंतिम, अपील नाही. पण सही नाही केली तर आणखी किती वर्षं, हे कुणी सांगत नाही. ज्याला पैशाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच सगळ्यात कमी वेळ थांबू शकतो, आणि समोरच्याला ते माहीत असतं. दादाने सही केली नाही. बरोबर केलं की नाही हे मला अजून माहीत नाही. केस चालू आहे.

ज्यांचा पगारच नाही

उत्पन्न गुणिले गुणक, या सूत्रात आणखी एक मोठं भोक आहे. ज्यांना पगारच नाही त्यांचं काय? १९९४ च्या त्या तक्त्यात कमाई नसलेल्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश धरायला सांगितलं होतं. म्हणजे तीच भांडी, तेच कपडे, तीच पोरांची शाळा, पण नवरा मॅनेजर असेल तर बाईच्या कामाची किंमत जास्त आणि नवरा वॉचमन असेल तर कमी. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर नाराजी व्यक्त केली. न्यायमूर्ती गांगुली यांनी त्याच निकालात दाखवून दिलं की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणारे’ या एकाच गटात टाकल्या होत्या.

५ जानेवारी २०२१ ला, दिल्लीत मोटरसायकलवरून जाताना गेलेल्या एका जोडप्याच्या दाव्यात, न्यायमूर्ती रमणा यांनी हा मुद्दा पुन्हा घेतला. २०११ च्या जनगणनेत सुमारे १५ कोटी ९८ लाख बायकांनी घरकाम हेच आपलं मुख्य काम म्हणून सांगितलं होतं. पुरुष होते ५७ लाख ९० हजार. एवढी माणसं जे काम करतात त्याला किंमत नाही असं कोर्टाने म्हणायचं का? घरकामाला काल्पनिक उत्पन्न धरा आणि त्यातही भविष्यातली वाढ धरा, असं त्या निकालाने सांगितलं. १८०८ मध्ये घोडागाडीतल्या त्या बाईचा हिशोब ती गेल्याच्या क्षणी बंद झाला होता. तो उघडायला कायद्याला किती वर्षं लागली, मोजा.

अर्थात एक गोष्ट अजून तशीच आहे. एकाच टेम्पोने मला आणि आमच्या बिल्डिंगमधल्या झाडू मारणाऱ्या मावशींना उडवलं, दोघांचा तोच पाय मोडला, तर माझ्या पायाची रक्कम त्यांच्या पायाच्या कितीतरी पट निघेल. कायदा म्हणतो आम्ही पायाची किंमत करत नाही, बुडालेली कमाई भरून देतो. तर्क बरोबर आहे. पण समाजात आधीपासून असलेली दरी त्यात जशीच्या तशी कॉपी-पेस्ट होते, हेही खरंच.

आज तुमच्या हातात काय आहे

इतिहास झाला, आता कामाचं बोलू. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला पुन्हा मुदत घातली: अपघातापासून सहा महिने. १९९४ नंतर अशी मुदत नव्हती, म्हणून अजूनही गावाकडे ‘कधीही लावता येतो’ असं सांगणारे भेटतात. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण तुम्ही सहा महिने हाच आकडा डोक्यात ठेवा.

त्याच तारखेपासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि इन्शुरन्स कंपनीला पाठवायचा, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तो गेलाय का, हे पोलीस स्टेशनला जाऊन विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला दीड लाखांपर्यंत, सात दिवसांपर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्र सरकारची योजनाही आहे.

आणि इनपुटचं भांडण आठवतंय ना? त्याची तयारी अपघाताच्या आधीच करावी लागते. तुमच्या घरात कुणी रोखीत कमावत असेल, मिस्त्री, वेल्डर, डिलिव्हरीवाला, भाजीवाला, तर महिन्याचे पैसे बँकेत किंवा यूपीआयने फिरू द्या. कामाची बिलं, वही, ठेकेदाराशी झालेले मेसेज जपून ठेवा. कागद नसला तरी दावा मरत नाही, किमान वेतन हीच एकमेव फूटपट्टी नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. पण कागद असेल तर कोर्टातला अर्धा वाद होतच नाही. अपघातानंतर हॉस्पिटलचं प्रत्येक बिल, औषधाची प्रत्येक चिठ्ठी, रिक्षाची पावतीसुद्धा एका फोल्डरमध्ये टाका. आणि डॉक्टरांकडून फक्त टक्का घेऊ नका. या हाताने आता कुठलं काम होत नाही, ते शब्दांत लिहून घ्या.

बाकी, बाइकचा इन्शुरन्स संपायला आला असेल तर आजच रिन्यू करा. तो तुमच्यासाठी नाहीये. तुमच्या गाडीसमोर कधीतरी येऊ शकणाऱ्या, तुम्हाला माहीतही नसलेल्या एखाद्या दादासाठी आहे.

एपिसोड आवडला तर घरातल्या फॅमिली ग्रुपवर टाका, तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये एखादी कामाची गोष्टही जाऊ दे. भेटू पुढच्या आठवड्यात. हेल्मेट घाला, आणि सांभाळून जा.